जिप्सीला स्लायडर बसवताना

मागच्या सत्रात पालकभेटीच्या दिवशी तीन-चार पालकांनी मला एकच प्रश्न विचारला. ऑटो क्लबच्या जिप्सीचा डावा दरवाजा दोरीने का बांधला आहे? मुलांनी घरी निरनिराळ्या कथा सांगितल्या होत्या. एका कथेत तर गाडी दरीत कोसळली होती आणि मी तिला एकट्याने वर काढले होते! तसे काही घडले नव्हते. आपल्या आवारामागच्या कोरड्या नाल्यातून गाडी ताशी पाच किलोमीटरने चालली होती, आणि दरवाजा अडकला तो मी स्वतः बसवलेल्या पायरीमुळे.

मी ईएमईमध्ये वाहन दुरुस्तीच्या कामात चोवीस वर्षे काढली आहेत. इतक्या वर्षांनंतर अशी चूक करणे शोभत नाही, म्हणून लिहायला टाळाटाळ करत होतो. पण मराठी पानाचे काम पाहणारा कॅडेट म्हणाला, "सर, आम्ही गणित चुकलो की तुम्ही वहीत लाल शाई मारता. मग हे लिहाच." त्याला उत्तर नव्हते.

आधी शब्द समजून घेऊ. गाडीच्या दरवाज्याखाली पत्र्याची जी लांब कड असते तिला मी या लेखात उंबरा म्हणेन. खडकाळ वाटेवर पुढचे चाक दगडावरून उतरले की गाडीचा मधला भाग त्याच दगडावर टेकतो, आणि पहिला मार या उंबऱ्याला बसतो. उंबरा दीड-दोन घड्यांच्या पत्र्याचा असतो. तो चेपला की दरवाजा घासतो, नाहीतर लागतच नाही. म्हणून उंबऱ्याच्या खाली आणि किंचित बाहेर एक जाड पोलादी पाइप गाडीच्या लांबीने बसवतात. दगड आला की गाडीने त्या पाइपावर टेकावे आणि घसरत पुढे जावे, एवढेच त्याचे काम. हाच रॉक स्लायडर. बाजारात जीपगाड्यांना चकचकीत फुटबोर्ड लावून मिळतात, ते वेगळे. फुटबोर्ड माणसाचे वजन पेलतो, स्लायडरने गाडीचे वजन पेलायचे असते. दोन्ही लांबून सारखेच दिसतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

आपली जिप्सी हे काम शिकायला उत्तम गाडी आहे. १९८५ साली मारुतीने ती बाजारात आणली, आणि पुढे सैन्यात तर ती इतकी रुळली की माझ्या नोकरीतली निम्मी वर्षे तिच्याखाली पाठ टेकून गेली. तिची बांधणी जुन्या पद्धतीची आहे. खाली शिडीच्या आकाराची चासी, दोन लांब दांडे आणि मध्ये आडव्या पट्ट्या. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे सगळे चासीला. वर बॉडी वेगळी, रबरी गाद्यांवर बोल्टने बसवलेली. म्हणजे खडबडीत रस्त्यावर चासी पिळवटते तेव्हा बॉडी तिच्यावर थोडी हलते. स्लायडर चासीला धरायचा, बॉडीला कधीच नाही, हा पहिला नियम यातूनच निघतो. दगडाचा मार पाइपातून पायाला, पायातून चासीला जायला हवा. शहरात फिरणाऱ्या बहुतेक नव्या उंच गाड्यांना अशी वेगळी चासी नसते, बॉडी हाच त्यांचा सांगाडा असतो. त्यांच्या मालकांनी हा लेख माहिती म्हणून वाचावा, सुट्टीत मिस्त्रीकडे नेऊ नये.

कायद्याचेही इथेच सांगून टाकतो, कारण प्राचार्यांनी माझ्या प्रस्तावावर पहिला शेरा तोच मारला होता. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीत निर्मात्याच्या मूळ तपशिलाला सोडून फेरफार करता येत नाही. पुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करण्याबद्दल डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवले, ते बहुतेकांना आठवत असेल. आमची जिप्सी शिकवण्याची गाडी आहे, ती आवाराबाहेर सार्वजनिक रस्त्यावर जात नाही. तुमची गाडी रस्त्यावर जाते. तेव्हा लोखंड विकत घेण्याआधी आरटीओत विचारा.

आता माझी चूक.

क्लबची इच्छा दोन गोष्टींची होती. नाल्यात उंबरा वाचावा, आणि सहावी-सातवीच्या मुलांना गाडीत चढता यावे. जिप्सीची जमीन उंच, मुले लहान. ती चाकावर पाय ठेवून, दरवाज्याला लोंबकळून चढत. एकदा एकाची नडगी सोलवटली. म्हणून मी ठरवले, स्लायडर आणि पायरी एकदमच करू. पाण्याच्या लाइनीतून उरलेला जस्ती पाइप भांडारात पडून होता, तोच घेतला. दीड इंची, हलक्या प्रतीचा, बाहेरून सुमारे ४८.३ मिमी आणि जाडी २.९ मिमी. प्रत्येक बाजूला चासीपासून दोन पाय बाहेर काढले आणि त्यांवर लांब पाइप चढवला. पाइप उंब‍ऱ्याला अगदी चिकटून, जेमतेम ८ मिमी फट ठेवून. का? दिसायला छान दिसते म्हणून. खरे कारण एवढेच होते. दरवाज्याच्या खाली पाइपापासून १५० मिमी खाली आणि १२० मिमी बाहेर अशी घट्ट वेल्ड केलेली पायरी. सहावीची मुले टणाटण उड्या मारत चढली. आठ जण एकदम उभे राहिले तरी पायरी हलली नाही. मी खूश.

पहिली शिक्षा मला नाही, वेल्डर मिस्त्रींना मिळाली. जस्त चढवलेला पाइप वेल्ड करताना पांढरा धूर निघतो. तो जस्ताचा धूर. बंद शेडमध्ये दिवसभर तो नाकात गेला आणि रात्री त्यांना थंडी वाजून ताप भरला. दुसऱ्या दिवशी उतरला, पण हे मला माहीत असायला हवे होते आणि होतेही. फुकटच्या पाइपाचा मोह झाला. तेव्हापासून क्लबमध्ये जस्ती लोखंडावर वेल्डिंग बंद आहे.

पुढच्या शनिवारी नाल्यात गेलो. मी चालवत होतो, डाव्या बाजूला अकरावीचा एक कॅडेट बसला होता, दुसरा पुढे उभा राहून हाताने दिशा दाखवत होता. फोर व्हील, लो गिअर. डावे पुढचे चाक गुडघाभर उंचीच्या खडकावरून खाली उतरले आणि त्याच खडकावर आमची पायरी टेकली. आधी एक कर्कश आवाज, मग 'टक्', आणि गाडी डावीकडे कलून थांबली. मी म्हणालो, "उतर आणि बघ." तो म्हणाला, "सर, दार उघडत नाही."

त्याने खांदा लावला. मी बाहेरून ओढले. नाही. पायरी वर ढकलली गेली होती, तिने पाइपाला पिळून वर उचलले होते, पाइपाने ८ मिमीची फट संपवून उंबरा वर दाबला होता, आणि उंबऱ्याने दरवाज्याची खालची कड पकडली होती. शेवटी तो गिअरच्या दांड्यांवरून सरकत माझ्या बाजूने बाहेर आला. कोणाला खरचटलेही नाही. नाल्यात पाणी नव्हते, इंजिन बंद होते, आम्ही हसत परत आलो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. उंबरा वाचवण्यासाठी जे बसवले त्याने माणूस गाडीत कोंडला होता. त्याच नाल्यात पावसाळ्यात कमरेएवढे पाणी असते.

सोमवारी अकरावीच्या मुलांना घेऊन फळ्यावर हिशेब मांडला. हा हिशेब मी पाइप कापण्याआधी करायला हवा होता.

रिकामी जिप्सी साधारण एक टनाची. एका बाजूचा स्लायडर दगडावर टेकला तर निम्मे वजन, ५०० किलो, म्हणजे सुमारे ४,९०० न्यूटन त्यावर आले असे धरा. आमच्या गाडीत चासीपासून पाइपापर्यंतचे अंतर २५० मिमी. बल गुणिले अंतर केले की पायाच्या मुळाशी १,२२५ न्यूटन-मीटरचे आघूर्ण येते. हे गाडी अलगद टेकली तर. अचानक आलेला भार हळूहळू आलेल्या भाराच्या दुप्पट ताण देतो, हे तुमच्या पुस्तकात आहे. म्हणजे धरा २,४५०. आता दगड पाइपाऐवजी पायरीच्या बाहेरच्या कडेला लागला. अंतर २५० वरून ३७० मिमी झाले, आघूर्ण जवळजवळ दीडपट. अचानक भाराला ३,६०० च्या वर.

आणि पाइप किती सोसतो? साध्या पोलादाचा नमन-बिंदू दर चौरस मिलिमीटरला २४० न्यूटन धरला, तर हलक्या प्रतीचा दीड इंची पाइप सुमारे १,०६० न्यूटन-मीटरला कायमचा वाकू लागतो. माझे पाय दोनच. दोघांनी भार अगदी समसमान वाटून घेतला तरी २,१२०. दगड काही दोन पायांच्या बरोबर मध्यभागी शोधून टेकत नाही, तो एकाच्या जवळ येतो. तेव्हा पाइप वाकला यात नवल नव्हते, त्याने गाडीला थोडा वेळ तोलले हेच नवल. तोच पाइप जाड प्रतीचा, ४ मिमी जाडीचा घेतला तर एक पाय १,३७० पर्यंत टिकतो. तीन पाय घेतले तर बेरीज ४,१०० च्या घरात जाते. वजन वाढते किती? हलका पाइप मीटरला सव्वातीन किलो, जाड साडेचार किलोच्या आत. एका बाजूला चार मीटर लोखंड लागते असे धरले तर पाचेक किलोचा फरक. पाच किलो वाचवायला मी दरवाजा घालवला!

दुसरा हिशेब उंचीचा. जिप्सीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २,३७५ मिमी अंतर आहे. मी मोजले तेव्हा गाडीच्या मधोमध सर्वांत खालची जागा जमिनीपासून ३९० मिमीवर होती. चाके म्हणजे जमिनीला टेकलेले दोन बिंदू मानले, तर गाडी सुमारे ३६ अंशांचा उंचवटा पोटाला न लागता ओलांडते. पायरी खाली लोंबकळली आणि ही उंची २४० झाली की उरतात २३ अंश. खरे टायर गोल असल्याने प्रत्यक्ष आकडे यापेक्षा मोठे येतात, पण तुलनेला हे पुरतात. म्हणजे एका हाताने मी गाडीला चिलखत घालत होतो आणि दुसऱ्या हाताने तिला जमिनीकडे दाबत होतो. पायरीशिवाय तो खडक गाडीला लागलाच नसता, हे नंतर आम्ही दोरी लावून तपासले.

इथे वर्गात दोन तट पडले. एक म्हणे पायरी काढून टाका. दुसरा म्हणे ती आणखी मजबूत करा, १० मिमीच्या प्लेटची. दोन्ही चूक, असे मी म्हणालो खरे, पण तिसरा मार्ग मलाही दिसत नव्हता. पायरी आणखी मजबूत केली तर मार चासीपर्यंत पोचेल. पायरी चेपली तर शे-दोनशे रुपयांचे काम, चासी वाकली तर गाडी संपली. मी फळ्यावर क्रम लिहिला: आधी पायरीने हार मानावी, मग स्लायडरने, त्यानंतर क्लॅम्पने सरकावे, चासीला सर्वांत शेवटी हात लागावा. घरातला फ्यूज वितळतो म्हणून भिंतीतली तार जळत नाही, तसेच हे. अडचण एवढीच की पायरीने दगडापुढे हार मानावी आणि मुलाच्या पायापुढे मानू नये. हे कसे साधायचे?

उत्तर दिले ते घोडेस्वारी क्लबच्या नववीतल्या एका मुलाने. हा ऑटो क्लबचा सदस्यही नव्हता, बहुधा पावसामुळे शेडमध्ये उभा होता. तो म्हणाला, "सर, रिकीब सुटते ना, तशी पायरी सुटू दे की."

ज्यांनी स्वारी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. रिकिबीचा चामडी पट्टा खोगिराच्या एका लोखंडी दांडीवर अडकवलेला असतो. त्या दांडीच्या मागच्या टोकाला छोटी कळ असते, आणि स्वारीच्या वेळी ती उघडी ठेवायला शिकवतात. स्वार उभा राहिला तर जोर खाली येतो, पट्टा जागेवर राहतो. स्वार पडला आणि पाय रिकिबीत अडकून घोडा त्याला फरफटू लागला, की जोर मागच्या दिशेने येतो आणि पट्टा दांडीवरून निसटतो. एकाच वस्तूने एका दिशेला धरायचे आणि दुसऱ्या दिशेला सोडायचे. माणसाचा पाय पायरीवर वरून खाली दाब देतो. दगड खालून वर देतो. दिशाच वेगळ्या आहेत! मी चोवीस वर्षे बिजागऱ्या बदलल्या आणि हे माझ्या डोक्यात आले नाही.

तर दुसरी बनावट अशी केली.

स्लायडर जाड प्रतीच्या काळ्या पाइपाचा, जस्त नसलेला. प्रत्येक बाजूला तीन पाय, बाहेरच्या टोकाकडे किंचित वर जाणारे, म्हणजे पाइप उंबऱ्याच्या आडोशाला राहतो आणि जमिनीपासूनची उंची कमी होत नाही. पायाच्या मुळाशी खालून ६ मिमी प्लेटचा त्रिकोणी आधार. पाइप आणि उंबरा यांत २५ मिमी फट, बोट सहज जाते एवढी. कॅडेटांना ती फट आवडली नाही, मलाही दिसायला आवडत नाही. पण रबरी गाद्यांवर बॉडी हलते आणि मार बसल्यावर पाइपही थोडा उचलतो, त्या दोघांची भेट होता कामा नये.

सर्वांत जास्त वेळ गेला चासीला धरण्यात. आपल्या गाडीची चासी मधल्या भागात डबीसारखी बंद आहे. डबीतून आरपार बोल्ट घालून नट आवळला तर डबी चेपते, आत नळी घातल्याशिवाय ते करू नये. शिवाय भोके पाडायचीच झाली तर दांड्याच्या उभ्या बाजूच्या मध्यावर पाडावीत. वाकताना वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मध्यावर दोन्ही नसते. वरच्या किंवा खालच्या कडेला पाडलेले भोक म्हणजे पुढच्या तड्याला दिलेले आमंत्रण. आम्ही भोकेच टाळली. चासीच्या बाहेरून एक आणि आतून एक अशा ८ मिमीच्या दोन प्लेटा, आणि दांड्याच्या वरून दोन, खालून दोन असे १२ मिमीचे चार बोल्ट. आतल्या बाजूने ब्रेकचा आणि पेट्रोलचा बारीक पाइप चासीला लागून जातो. प्लेटेखाली तो सापडला तर पहिल्याच धक्क्याला चिरडतो. टॉर्च घेऊन, हाताने चाचपून, दोघांनी वेगवेगळे तपासून मगच जागा ठरवल्या. त्यासाठी एका क्लॅम्पची जागा ७० मिमी पुढे घ्यावी लागली.

बोल्टवरच्या ८.८ या आकड्याचा अर्थ बहुतेकांना माहीत नसतो. पहिला ८ म्हणजे तुटण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, आणि दुसरा .८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांना, ६४० ला, तो कायमचा लांबू लागतो. डोक्यावर आकडाच नसलेला बोल्ट घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो. आता एक गंमत. दगड पाइपाला वर ढकलतो तेव्हा क्लॅम्पचे खालचे दोन बोल्ट ताणले जातात. पाइपावर माणूस उभा राहतो तेव्हा वरचे दोन. पाय पूर्ण ताकदीने वाकेपर्यंत जोर आला तरी प्रत्येक बोल्टवर सुमारे ५८० किलोचा ताण येतो, आणि ८.८ चा १२ मिमी बोल्ट त्याच्या कितीतरी पट सोसतो. म्हणजे क्रम बरोबर राहिला, बोल्ट तुटायच्या आधी पाय वाकेल. बोल्ट ८० न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने आवळले, लॉकनट लावून.

या वेळी गाडीवर एकही ठिणगी पाडली नाही. खडूने खुणा केल्या, क्लॅम्प बसवून लाकडी साचा गाडीखालीच जुळवला, आणि तो साचा शेडमध्ये नेऊन त्यावर वेल्डिंग केले. ज्यांना गाडीवरच टाके मारावे लागतात त्यांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावावा आणि पेट्रोलचा पाइप बाजूला घ्यावा. शाळेत मी ती परवानगी कोणालाच देणार नाही, स्वतःलाही नाही. वेल्डिंग मिस्त्रींनी केले. मुलांनी पाइपाची टोके माशाच्या तोंडासारखी गोल घासली, म्हणजे एक पाइप दुसऱ्याला फट न राहता कवेत घेतो. दोन दुपारी त्यात गेल्या आणि ग्राइंडरचा आवाज ऐकून मुख्य इमारतीतून दोनदा निरोप आला.

दोन बारकावे मिस्त्रींकडून शिकलो. पहिला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्ड करत गेलात तर थंड होताना पाइप धनुष्यासारखा वाकतो. उजव्या बाजूचा पहिला पाइप असाच ११ मिमी वाकला आणि तो पुन्हा तापवून सरळ करावा लागला. म्हणून आधी सगळीकडे टाके, मग एक इकडचा जोड, एक तिकडचा, मध्ये थंड होऊ द्यायचे. दुसरा, टोकाला झाकण लावून पाइप पूर्ण बंद करण्याआधी खालच्या बाजूला ३ मिमीचे भोक पाडायचे. आतली हवा तापून फुगते आणि वेल्डचा शेवटचा थेंब बाहेर फेकते. पुढे तेच भोक पाणी निथळायला उपयोगी पडते.

पायरीचे काय केले? पाइपाच्या बाहेर एक बारीक पाइप समांतर घेतला आणि दोहोंमध्ये जाळीदार पट्टी बसवली. नुसता गोल रंगवलेला पाइप पावसात साबणासारखा निसरडा होतो, नडग्या त्यानेच फुटतात. चेकर प्लेट दिसायला चांगली, पण तिच्यावर चिखल साठतो, जाळीतून पडून जातो. ही झाली वरची पायरी. लहान मुलांसाठी खालची पायरी बिजागरीवर टांगली, आणि तीही फक्त दरवाज्याखाली. बिजागरीची पिन गाडीच्या लांबीच्या दिशेने, आणि पाय ठेवायची पट्टी त्या पिनेच्या बाहेरच्या अंगाला. मुलगा चढला की पट्टी खाली दाबली जाते आणि आतल्या अडणीवर टेकते, घट्ट. दगडाने खालून ढकलले की ती बाहेरून वर झुलते आणि स्लायडरला सोडून देते. समोरून येणाऱ्या दगडासाठी पुढच्या कडेला होडीच्या नाळेसारखी तिरकी पट्टी, म्हणजे दगड आदळत नाही, पायरीला उचलतो. खडखडाट होऊ नये आणि उतरताना बुटाने उचलली जाऊ नये म्हणून एक स्प्रिंग तिला खाली ओढून धरते. नाल्यात जाण्याआधी ती हाताने वर करून पिनेने अडकवायची असते. पण विसरलात तरी गाडी तुम्हाला माफ करेल, अशी ती आहे.

तपासणी कवायतीसारखी केली. आधी आठ मुले स्लायडरवर. मग गाडी सपाट जमिनीवर, विरुद्ध बाजूच्या चाकांना ठोकळे, आणि ट्रॉली जॅक स्लायडरच्या मधोमध लावून एक बाजू उचलली. चाके जमिनीवरून उठली. फट २५ होती ती २२ झाली, आणि जॅक उतरवल्यावर पुन्हा २५. याचा अर्थ पोलाद लवचीकतेच्या हद्दीतच राहिले. उचललेल्या स्थितीत दोन्ही दरवाजे चार-चार वेळा उघडून पाहिले. ही तपासणी मी यादीत सर्वांत वर लिहिली आहे. उचललेल्या गाडीखाली त्या वेळी कोणीही नव्हते. खाली जायचे तर घोड्या लावल्यावरच, नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही. हा नियम मोडणाऱ्याला क्लबमधून नाव कमी, त्यात चर्चा नाही.

रंग साधाच. रेड ऑक्साइडचा एक हात, काळ्या एनॅमलचे दोन. भट्टीतला महागडा रंग देऊ या असा आग्रह झाला, मी नको म्हणालो. स्लायडरचे कामच खरचटून घेण्याचे. प्रत्येक फेरीनंतर डबा आणि ब्रश घेऊन पाच मिनिटांत काळे करता आले पाहिजे.

दिवाळीच्या सुट्टीआधी त्याच नाल्यात, त्याच खडकावरून गेलो. डाव्या जागेवर तोच अकरावीचा कॅडेट बसला, मी सांगितले नव्हते. पायरी मुद्दाम खाली सोडलेली होती. चाक उतरले, पायरी खडकाला लागली, वर झुलली आणि खडक मागे गेल्यावर स्प्रिंगने 'खट्' करून जागेवर आली. मागचे चाक उतरताना पाइप खडकावर टेकला आणि हातभर घसरला. मी गाडी तिथेच थांबवली, कललेली, आणि त्याला काही बोललो नाही. त्याने कडी ओढली. दरवाजा उघडला. तो उतरला, खाली वाकून पाहिले आणि म्हणाला, "सर, रंग गेला."

जुना डावा दरवाजाही आता सरळ झाला आहे, दोरी काढली आहे. बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासले तेव्हा तीन थोडे सैल निघाले, नव्या रंगाचा थर दबल्यावर तसे होते. आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी टॉर्क पाना फिरतो, बिजागरीच्या पिनेला ग्रीस लागते आणि वहीत सही होते. उजव्या पायरीची स्प्रिंग मरगळली आहे, या शनिवारी ती बदलायची आहे. घोडेस्वारी क्लबच्या त्या मुलाला मी बोलावले आहे. इतर कोणाला यायचे असेल तर अडीच वाजता शेडमध्ये या. बंद बूट हवेत, आणि नाडीत लोंबणारी शिट्टी खोलीत ठेवून या.